कागदी माणूस : मॅथियास सिंडेलार

गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी मॅथियास सिंडेलार या ऑस्ट्रियन फुटबॉलपटूवर बोललो होतो. भाषण रंगले, टाळ्या पडल्या, दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीसही मिळाले. बक्षीस घेऊन व्यासपीठावरून खाली उतरलो तेव्हा आमच्या इतिहासाच्या सरांनी मला बाजूला बोलावले, पाठीवर हात ठेवला आणि एकच गोष्ट विचारली. त्याच्या कॉफी हाउसचे काय झाले, हे मी भाषणात का सांगितले नाही? मला उत्तर देता आले नाही. ती हकिकत मी वाचली नव्हती असे नाही. वाचली होती, पण ती माझ्या भाषणात बसत नव्हती, म्हणून मी ती गाळली होती. वार्षिकांकाच्या निमित्ताने ती चूक दुरुस्त करावी, एवढ्याचसाठी हा लेख.

मी कोल्हापूरचा. ज्या गावात तालमींचे फुटबॉल संघ आहेत, जिथे हंगामात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नाही आणि संघावरून सख्ख्या मावसभावांतही अबोला धरला जातो, त्या गावातला. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पहिला सामना पाहिला, तेव्हापासून आमच्या पेठेचा संघ तोच माझा संघ. हंगामाच्या सुरुवातीला मला दरवर्षी वाटते की यंदा आपणच जिंकणार. बहुतेक वर्षी आमचा संघ मधेच कुठेतरी हरतो. तरी पुढच्या वर्षी पुन्हा वाटतेच. ज्याला ही खोड नाही त्याला ती समजावून सांगता येत नाही. पण या आशेच्या पोटात आणखी एक आशा असते, ती आम्ही सहसा बोलून दाखवत नाही. आपला खेळाडू मैदानाबाहेरही तितकाच ताठ निघावा, अशी ती आशा. सिंडेलारचे चरित्र वाचताना माझी हीच आशा जागी झाली आणि तिनेच मला अर्धी गोष्ट सांगायला लावली. आता सगळी सांगतो.

सिंडेलारचा जन्म १० फेब्रुवारी १९०३ रोजी मोराव्हियातील कोझलोव्ह या खेड्यात झाला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील गवंडीकाम करीत. १९०५ मध्ये हे कुटुंब पोटासाठी व्हिएन्नाला आले आणि फाव्होरिटेन या कामगार वस्तीत राहू लागले. त्या भागात विटांचे मोठमोठे कारखाने होते आणि तिथे राबणारे बहुतेक मजूर सिंडेलारच्या घरच्यांसारखेच चेक मुलखातून आलेले होते. राजवाड्यांचे, संगीताचे आणि चित्रांचे व्हिएन्ना आपल्याला ठाऊक असते. हे व्हिएन्ना वेगळे होते. इथली पोरे चिंध्या गुंडाळून चेंडू करीत आणि रस्त्यावर, मोकळ्या पटांगणात तो लाथाडीत. चिंध्यांचा चेंडू नीट उसळत नाही. तो पायाशी जपून ठेवावा लागतो. सिंडेलारच्या पायांना जे वळण लागले ते अशा खेळातून.

पहिल्या महायुद्धात वडील सैन्यात गेले आणि १९१७ मध्ये इटलीच्या सीमेवर इझोन्झोच्या रणभूमीवर कामी आले. मॅथियास तेव्हा चौदा वर्षांचा होता. घरात त्याच्या तीन बहिणी. आईने लोकांचे कपडे धुऊन संसार ओढला. मुलगा कुलपे करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला राहिला. १९१८ मध्ये वस्तीतल्याच हेर्था या क्लबाने त्याला आपल्या मुलांच्या संघात घेतले. १९२३ मध्ये गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. त्या काळी अशा शस्त्रक्रियेनंतर खेळाडू परत मैदानात उतरेल याची खात्री कुणी देत नसे. सिंडेलार उतरला, पण पुढे आयुष्यभर उजव्या गुडघ्याला पट्टी बांधूनच खेळला. अंगावर माणूस यायच्या आत चेंडू सोडून निसटायचे, ही त्याची रीत त्या गुडघ्याच्या काळजीतून पक्की झाली असावी असे मला वाटते. शरीराने तो अगदी काटकुळा. बचाव करणाऱ्या दोन धिप्पाड गड्यांच्या मधून तो फटीतून कागद सरकावा तसा निघून जाई. म्हणून व्हिएन्नाने त्याचे नाव ठेवले कागदी माणूस.

१९२४ मध्ये तो हेर्था सोडून अमॅच्युअर या क्लबात आला. त्याच वर्षी व्हिएन्नात व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली. ब्रिटनबाहेरच्या युरोपातली ती पहिलीच. खेळाडू पगारी आणि क्लबाचे नाव मात्र हौशी, ही विसंगती दोन वर्षांनी दूर झाली. १९२६ मध्ये या क्लबाने ऑस्ट्रिया व्हिएन्ना हे नाव घेतले. जांभळ्या रंगाचा हा क्लब शहरातल्या मध्यमवर्गाचा, वकील-डॉक्टरांचा, कॉफी हाउसात बसून वाद घालणाऱ्यांचा म्हणून ओळखला जाई. त्याच्या कारभाऱ्यांत आणि समर्थकांत ज्यू मंडळी मोठ्या संख्येने होती. त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी रापिड. तो उपनगरातल्या कामगारांचा, अंगमेहनतीच्या खेळासाठी प्रसिद्ध. विटांच्या वस्तीत वाढलेला सिंडेलार जांभळ्या क्लबात आला आणि त्या क्लबाचा जीव झाला.

इथे समर्थकाच्या आशेबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. सिंडेलारच्या काळात ऑस्ट्रिया व्हिएन्नाने लीगचे विजेतेपद १९२६ मध्ये मिळवले, आणि त्यानंतर तो असेपर्यंत पुन्हा एकदाही नाही! युरोपातला सर्वोत्तम सेंटर फॉरवर्ड आपल्या संघात, आणि लीग मात्र दरवर्षी दुसऱ्याच कुणाची. या क्लबाच्या समर्थकांनी ती वर्षे कशी काढली असतील, हे आमच्या पेठेतल्या कुणालाही विचारा. त्यांची भूक भागली ती चषकांवर. १९३३, १९३५ आणि १९३६ मध्ये त्यांनी ऑस्ट्रियन चषक जिंकला. मध्य युरोपातल्या क्लबांसाठी मित्रोपा चषक नावाची मोठी स्पर्धा होती. १९३३ च्या अंतिम फेरीत मिलानमध्ये ऑस्ट्रिया १-२ असा हरला. मग व्हिएन्नात सिंडेलारने तिन्ही गोल करून सामना ३-१ असा फिरवला आणि चषक घरी राहिला. १९३६ मध्ये प्रागच्या स्पार्टाला हरवून तो पुन्हा मिळवला.

राष्ट्रीय संघात तो १९२६ मध्येच आला होता. मधे प्रशिक्षक ह्यूगो माइझलची मर्जी फिरली आणि त्याला बराच काळ बाहेर बसावे लागले. १९३१ मध्ये त्याला परत बोलावले गेले आणि १६ मे १९३१ रोजी व्हिएन्नात ऑस्ट्रियाने स्कॉटलंडला ५-० ने हरवले. तिथून जे सुरू झाले त्याला लोक चमत्कारी संघ म्हणू लागले. आठच दिवसांनी बर्लिनमध्ये जर्मनीवर ६-०, सप्टेंबरात व्हिएन्नात पुन्हा जर्मनीवर ५-०, १९३२ च्या एप्रिलमध्ये हंगेरीवर ८-२. डिसेंबर १९३२ मध्ये लंडनला हा संघ इंग्लंडकडून ३-४ असा हरला, पण त्या पराभवाचेही कौतुक झाले. लहान लहान पास, सतत जागा बदलणे, अंगाला अंग न भिडवता समोरच्याला मोकळे करून टाकणे, असा तो खेळ होता. आणि त्याच्या मध्यभागी हा कागदी माणूस. राष्ट्रीय संघाकडून तो ४३ सामने खेळला.

वाचकहो, आतापर्यंतची कथा खेळाची होती. आता राजकारण येते, आणि ते मैदानाबाहेर थांबत नाही.

१९३४ ची विश्वचषक स्पर्धा इटलीत झाली. मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीला ती आपल्या सामर्थ्याचे प्रदर्शन म्हणून हवी होती. उपांत्य फेरीत ३ जून रोजी मिलानच्या चिखलाने भरलेल्या मैदानावर यजमान इटलीशी गाठ पडली. लुईस मोंतीने सिंडेलारला हलू दिले नाही, ऑस्ट्रिया ०-१ ने हरला. पण तेव्हा खुद्द ऑस्ट्रिया तरी कुठे मोकळा होता? १९३३ च्या मार्चमध्येच चान्सेलर डोल्फुस यांनी संसद बंद पाडली होती. फेब्रुवारी १९३४ मध्ये व्हिएन्नातल्या कामगारांच्या वसाहतींवर सरकारने तोफा डागल्या होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये ऑस्ट्रियातल्या नाझींनी डोल्फुस यांनाच ठार केले. म्हणजे एका बाजूला देशी हुकूमशाही आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या हिटलरचे हस्तक, यांच्या मधोमध व्हिएन्नाचे लोक रविवारी फुटबॉल पाहत होते. हे मी मुद्दाम सांगतो. पुढे १९३८ मध्ये जे आले ते निरभ्र आकाशातून कोसळले नव्हते.

१९३७ च्या फेब्रुवारीत माइझल वारला. १२ मार्च १९३८ रोजी जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले आणि प्रतिकाराविना देश गिळला गेला. रस्त्यांवर जल्लोष करणारी गर्दी होती, हेही लपवण्यात अर्थ नाही. त्याच रस्त्यांवर ज्यू नागरिकांना गुडघ्यांवर बसवून फरसबंदी घासायला लावले गेले, आणि तो तमाशा बघायलाही गर्दी जमली.

फुटबॉलची व्यवस्था काही आठवड्यांत उलटीपालटी झाली. ज्यू खेळाडूंचा हाकोआ हा क्लब, जो १९२५ मध्ये लीगचा विजेता होता, बंद करण्यात आला आणि त्या हंगामातले त्याचे निकाल पुसून टाकण्यात आले. ऑस्ट्रिया व्हिएन्नाच्या ज्यू पदाधिकाऱ्यांना काढून टाकले गेले. क्लबाचे अध्यक्ष डॉ. एमानुएल श्वार्त्स हेही त्यांतलेच. क्लबाचे नावही काही महिने बदलून ओस्टमार्क करण्यात आले, कारण ऑस्ट्रिया हा शब्दच नव्या राज्यकर्त्यांना नको होता. व्यावसायिक फुटबॉल बंद झाले. पंचवीस-तीस वर्षांच्या खेळाडूंचा पगार एका फटक्यात गेला. ज्यांनी आपल्या संघासाठी रविवारमागून रविवार घसा कोरडा केला, त्यांच्या क्लबाचा अध्यक्ष गेला, नाव गेले, आणि पायऱ्यांवर शेजारी बसणारे कितीतरी लोक पुन्हा दिसेनासे झाले.

काढून टाकलेल्या अध्यक्षांना कुणी ओळख द्यायची नाही, असा हुकूम खेळाडूंना मिळाला होता अशी हकिकत सांगतात. सिंडेलारने डॉ. श्वार्त्स यांना निरोप दिला की इतर काय करतील ते करोत, आपण त्यांना रस्त्यात भेटलो की नमस्कार करणारच. एवढीच ती गोष्ट. नमस्कार करणे म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण ज्या गावात नमस्कार करायलाही परवानगी लागते तिथे तो नमस्कारच निषेध होतो.

मग आला ३ एप्रिल १९३८ चा सामना. देश जर्मनीत विलीन करण्यावर १० एप्रिलला सार्वमत घ्यायचे होते, आणि त्याच्या प्रचारासाठी प्राटर स्टेडियमवर ऑस्ट्रिया आणि जर्मनी या दोन संघांचा सामना ठेवला होता. भाऊ भाऊ गळ्यात गळा घालून एक होतात, असा देखावा. सुमारे साठ हजार लोक आले होते. ऑस्ट्रियाचे खेळाडू राष्ट्रध्वजाच्या लाल-पांढऱ्या रंगांत उतरले. पहिला अर्धा भाग गोलशून्य गेला. उत्तरार्धात सिंडेलारने गोल केला. त्यानंतर त्याचा मित्र कार्ल सेस्टाने लांबून घेतलेली फ्री किक जाळ्यात गेली. ऑस्ट्रियाने आपला शेवटचा सामना २-० असा जिंकला.

माझ्या भाषणात मी या सामन्याचे वर्णन जवळजवळ पाच मिनिटे केले होते. गोल करायचा नाही असा वरून हुकूम होता. म्हणून पूर्वार्धात सिंडेलारने सोप्या सोप्या संधी हसत हसत बाहेर मारल्या. मग त्याचा संयम सुटला. आणि गोल झाल्यावर त्याने नाझी पुढाऱ्यांच्या सज्जासमोर जाऊन नाच केला. लाल-पांढरा पोशाखही त्यानेच हट्टाने घालायला लावला. ही सगळी हकिकत कितीतरी पुस्तकांत आहे. पण ती बहुतेक युद्धानंतरच्या आठवणींतून आली आहे. त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत हुकुमाचा वा नाचाचा मागमूस नाही, असे ऑस्ट्रियातल्याच संशोधकांनी दाखवले आहे. जगभर मान खाली घालून जगलेल्या देशाला युद्धानंतर ताठ मानेचा एखादा माणूस हवा होता. तो त्याला मैदानात सापडला. मग एकाने नाच घातला, दुसऱ्याने हुकूम घातला. मीही टाळ्यांसाठी थोडा मीठमसाला घातला, हे इथे कबूल करतो.

मग उरते काय? खूप काही उरते. गोल खरा आहे, २-० हा निकाल खरा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नंतरचा नकार खरा आहे. ऑस्ट्रिया त्या वर्षीच्या विश्वचषकाला पात्र ठरला होता, पण आता देशच नव्हता. ऑस्ट्रियाचे उत्तम खेळाडू जर्मनीच्या संघात घालावेत असे वरून ठरले. जर्मन प्रशिक्षक सेप हेर्बेर्गर यांना सिंडेलार हवा होता. त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा गळ घातली. सिंडेलारने वय झाले म्हटले, गुडघा दुखतो म्हटले, आणि प्रत्येक वेळी नाही म्हटले. तो तेव्हा पस्तीस वर्षांचा होता आणि क्लबासाठी अजून खेळतच होता. नकाराचे खरे कारण नव्या राजवटीबद्दलची नावड हे असावे, असे हेर्बेर्गर यांनाही वाटले होते. ते त्यांनी पुढे सांगितले. सिंडेलारविना जर्मनीचा तो जोडलेला संघ जूनमध्ये पॅरिसला गेला आणि पहिल्याच फेरीत स्वित्झर्लंडकडून, बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेल्या सामन्यात, २-४ असा हरून परतला.

इथे माझे भाषण संपले होते. आता सरांनी विचारलेले कॉफी हाउस.

व्यावसायिक फुटबॉल बंद झाल्यावर सिंडेलारला पोटापाण्याची सोय पाहावी लागली. फाव्होरिटेनमध्ये, त्याच्या लहानपणच्या वस्तीत, एक कॉफी हाउस होते. मालक ज्यू होता. नाझी राजवटीत ज्यूंची दुकाने, कारखाने, घरे आर्यीकरण या गोंडस नावाखाली सक्तीने दुसऱ्यांच्या हवाली केली जात होती. मालकाला विकण्यावाचून गत्यंतर नसे, आणि मिळालेला पैसाही मनासारखा वापरता येत नसे. ऑगस्ट १९३८ मध्ये सिंडेलारने ते कॉफी हाउस वीस हजार राइशमार्कला घेतले. किंमत वाजवी दिली, मालक त्याच्या ओळखीचा होता, दुसऱ्या एखाद्या नाझीच्या घशात जाण्यापेक्षा याच्याकडे गेलेले बरे होते, असे त्याची बाजू घेणारे म्हणतात. तो मालक पुढे टेरेझिनच्या छळछावणीत गेला आणि १९४३ मध्ये तिथेच मेला.

ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. आमच्या संघाच्या गोलरक्षकाने पैसे खाऊन सामना सोडला अशी आवई एकदा उठली होती, तेव्हा जसे वाटले होते तसेच काहीसे वाटले. खोटे असावे, असे वाटले. पण हे खोटे नाही. ज्याने अध्यक्षाला नमस्कार सोडला नाही आणि जर्मन संघाचा पोशाख अंगावर चढवला नाही, त्याच माणसाने त्याच वर्षी एका ज्यू माणसाचे हिसकावले जाणारे दुकान विकत घेतले. त्याने स्वतः हिसकावले नाही हे खरे. पण हिसकावणाऱ्यांनी दार उघडून दिले आणि त्या दारातून तो आत गेला, हेही तितकेच खरे. त्या दिवसांत व्हिएन्नातल्या हजारो सामान्य माणसांनी हेच केले. आपण गेलो नाही तर दुसरा जाईल, हे प्रत्येकाचे उत्तर होते.

सहा महिनेही त्याला ते लाभले नाही. २३ जानेवारी १९३९ रोजी सकाळी मध्य व्हिएन्नातल्या एका घरात तो मृतावस्थेत सापडला. शेजारी त्याची मैत्रीण बेशुद्ध होती. तीही वाचली नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या विषारी वायूने मृत्यू झाला, धुराड्यात बिघाड होता, असे तपासात नोंदले गेले. शेजाऱ्यांनी धुराड्याची तक्रार आधीच केलेली होती. पण लोकांना हे पटले नाही. कुणी म्हणाले, गेस्टापोने मारले. कुणी म्हणाले, त्याने स्वतःच जीव दिला. व्हिएन्नातून परागंदा झालेला ज्यू लेखक फ्रीडरिख टोरबर्ग याने त्याच्या मृत्यूवर एक कविता लिहिली आणि आत्महत्येची समजूत त्या कवितेने जगभर नेली. उपलब्ध पुरावा मात्र अपघाताकडेच बोट दाखवतो. ज्या राजवटीत रोज माणसे नाहीशी होत होती तिथे साधा अपघातही साधा वाटेनासा झाला होता, एवढाच याचा अर्थ.

अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. मोर्चे आणि सभा करण्याची सोय नसलेल्या गावात एवढी माणसे मूकपणे चालली. त्यांतले सगळे काही नाझीविरोधी नव्हते. काहींनी दहा महिन्यांपूर्वी हिटलरच्या स्वागताला हातही उंचावले असतील. पण आपले काहीतरी गेले, हे त्या दिवशी सर्वांना कळले असावे. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्याला पुरले.

त्यानंतर व्हिएन्नाच्या मैदानांवर धुसफुस सुरूच राहिली. १९३९ च्या जूनमध्ये बर्लिनला जर्मन लीगच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या शाल्के संघाने व्हिएन्नाच्या अडमिरा संघाला ०-९ असे धुतले. लोकांच्या मनात संशय राहिला. १७ नोव्हेंबर १९४० रोजी हेच दोन संघ प्राटर स्टेडियमवर मैत्रीपूर्ण म्हणून खेळले. अडमिराचे गोल नाकारले गेले आणि प्रेक्षक भडकले. दंगल झाली; व्हिएन्नाचा नाझी प्रमुख बाल्डूर फॉन शिराख याच्या मोटारीच्या काचा फुटल्या आणि चाके फाडली गेली. हा फॅसिझमविरुद्धचा उठाव होता असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यात बर्लिनकरांवरचा राग होता, हरल्याची चीड होती, गावाचा अभिमान होता. पण ज्याच्या नावाने शहर चळाचळा कापे त्याच्या मोटारीवर दगड पडला तो फुटबॉलच्या गर्दीतून, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आणि क्लबाच्या आशेचे काय झाले? ऑस्ट्रिया हे नाव त्याच वर्षी, म्हणजे १९३८ च्या जुलैमध्ये, परत मिळाले होते. डॉ. श्वार्त्स देशाबाहेर निसटून वाचले. युद्ध संपल्यावर ते व्हिएन्नाला परतले आणि पुन्हा त्याच क्लबाचे अध्यक्ष झाले. १९४९ मध्ये ऑस्ट्रिया व्हिएन्नाने लीग जिंकली. १९२६ नंतर तेवीस वर्षांनी! त्या दिवशी पायऱ्यांवर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या समर्थकाचा विचार माझ्या मनात येतो. शेजारच्या किती जागा रिकाम्या असतील! गोल झाल्यावर तो ओरडला असेल का? मला वाटते, ओरडला असेल. आम्ही लोक ओरडतोच.

सरांच्या प्रश्नाला आता माझे उत्तर असे आहे. कॉफी हाउस गाळले तर सिंडेलार मोठा होत नाही, फक्त पुतळा होतो. आणि पुतळ्याकडून आपल्याला शिकता येत नाही, कारण पुतळ्याला घर चालवायचे नसते. कॉफी हाउस तेवढे धरून त्याचा नकार मोडीत काढला, तर तोही अन्याय होईल. हजारो लोक हात उंचावत असताना ज्याने एका गोष्टीला नाही म्हटले, त्याचे ते नाही खरेच होते. मला भीती वाटते ती आणखी एका गोष्टीची. जो मैदानात झुकला नाही तोसुद्धा बाजारात झुकला. अन्यायी सत्ता समोरून धाक घालते तेव्हा तिला ओळखणे सोपे असते. ती स्वस्तातले दुकान पुढे करते तेव्हा ओळखणे अवघड जाते. आपल्या वाट्याला विश्वचषकाचा नकार येणार नाही. स्वस्तातले दुकान मात्र कुणाच्याही वाट्याला येऊ शकेल.

येत्या हंगामात मी पुन्हा शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर असेन. यंदा आम्हीच जिंकणार, याबद्दल मला शंका नाही. पुढल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत नाव दिले तर विषय पुन्हा सिंडेलारच घेईन. भाषण थोडे लांबेल, टाळ्या कदाचित कमी पडतील. सर समोर बसलेले असावेत, एवढीच इच्छा आहे.